लोकमान्यांच्या शिक्षा आणि सूट

एक ऑगस्ट जवळ आला की मराठी शाळांतून भाषणांची तयारी सुरू होते. चौथीपासून दहावीपर्यंत मीही ती भाषणे केली आहेत. शेंगांच्या टरफलांची गोष्ट, मग केसरी, मग गणेशोत्सव, मग मंडाले आणि शेवटी गीतारहस्य, असा ठरलेला क्रम असे. तीन मिनिटांच्या भाषणात टिळक एका वाक्यात मंडालेला जात आणि दुसऱ्या वाक्यात परत येत. मधल्या सहा वर्षांत त्यांच्यासाठी कोणी काय खटपट केली, कोणकोणती दारे ठोठावली गेली आणि ती कशी बंद झाली, हे आमच्या भाषणात कधी आले नाही. कॉलेजात आल्यावर ग्रंथालयात न. चिं. केळकरांच्या टिळक-चरित्राचे जाडजूड खंड हाती लागले आणि एक वेगळेच टिळक दिसू लागले. शिक्षा झाली म्हणून छाती काढून तुरुंगात जाणारे टिळक आपल्याला ठाऊक असतात. पण शिक्षेविरुद्ध वरच्या कोर्टात जाणारे, तेथे नकार आला की त्याच्याही वरच्या कोर्टात जाणारे, आणि सरकार सूट द्यायला तयार झाले तर तिची किंमत किती हे आधी विचारणारे टिळक फारसे कोणी सांगत नाही. या लेखात मी मुख्यतः त्या टिळकांविषयी लिहिणार आहे.

जन्म २३ जुलै १८५६, रत्नागिरी. डेक्कन कॉलेजातून गणित घेऊन बी. ए., पुढे १८७९ मध्ये एल्एल्. बी. या दुसऱ्या पदवीकडे आपले दुर्लक्ष होते. टिळकांनी वकिली केली नाही, म्हणून ते वकील नव्हते असे आपण धरून चालतो. १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल आणि १८८१ मध्ये केसरी व मराठा ही पत्रे निघाली, आणि पुढच्याच वर्षी पहिली शिक्षा झाली.

ते प्रकरण कोल्हापूरचे. कोल्हापूरच्या तरुण छत्रपतींचा तेथील दिवाण माधवराव बर्वे छळ करतात, असे केसरीने छापले. ज्या पत्रांच्या आधारावर छापले ती पत्रे खोटी ठरली आणि टिळक व आगरकर या दोघांना १८८२ च्या जुलैमध्ये चार महिन्यांची साधी कैद झाली. खटल्याच्या काळात त्यांना जामीन राहिले ते रामशेट उरवणे, आणि तेही जोतीराव फुले यांच्या सांगण्यावरून. पुढे टिळक आणि फुले यांचे मार्ग किती वेगळे होते हे लक्षात घेतले तर ही गोष्ट विशेष वाटते. दोघे डोंगरीच्या तुरुंगातून सुटले ते एकशे एक दिवसांनी. चार महिन्यांतले काही दिवस सूट म्हणून कमी झाले होते. तुरुंगाच्या नेहमीच्या नियमातली ती सूट. तिच्यासाठी कोणापुढे हात पसरावे लागले नाहीत आणि बदल्यात काही द्यावेही लागले नाही. आगरकरांनी त्या दिवसांवर एक छोटे पुस्तक लिहिले. टिळकांनी लिहिले नाही.

खरी गोष्ट सुरू होते १८९७ पासून. पुण्यात प्लेग होता. प्लेगच्या बंदोबस्तासाठी नेमलेले अधिकारी रँड यांच्यावर २२ जूनच्या रात्री गोळी झाडली गेली आणि काही दिवसांनी ते वारले. त्याच्या आठवडाभर आधी, १५ जूनच्या केसरीत शिवाजी महाराजांच्या उत्सवाचा वृत्तांत आणि अफझलखानाच्या वधाविषयीचे विवेचन आले होते. खुनाशी टिळकांचा संबंध जोडता आला नाही, पण त्या मजकुरावरून राजद्रोहाचा खटला भरण्यात आला. २७ जुलैला अटक झाली. खालच्या कोर्टाने जामीन नाकारला, हायकोर्टात एकदा नाकारला गेला आणि पुन्हा अर्ज केल्यावर ४ ऑगस्टला न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांनी तो दिला. त्या वेळी टिळकांच्या बाजूने जामिनासाठी भांडणारे बॅरिस्टर होते दिनशा दावर. वाचकांनी हे नाव लक्षात ठेवावे.

खटला न्यायमूर्ती स्ट्रेची यांच्यापुढे चालला. नऊ जणांची ज्यूरी, त्यांत सहा युरोपियन आणि तीन हिंदी. कौलही तसाच पडला, सहा विरुद्ध तीन. १४ सप्टेंबरला अठरा महिने सक्तमजुरीची शिक्षा झाली. स्ट्रेचीसाहेबांनी ज्यूरीला कायदा समजावून सांगताना एका इंग्रजी शब्दाचा अर्थ असा लावला की सरकारविषयी प्रीती नसणे म्हणजेच अप्रीती. मी मराठी माध्यमात शिकलेला, घराबाहेर कानडी बोलणारा विद्यार्थी आहे. शब्द एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नेताना तो किती घसरतो हे रोज अनुभवतो. पण येथे इंग्रजाने इंग्रजी शब्दाचाच अर्थ असा ताणला की शेजाऱ्यावर ज्याचे प्रेम नाही तो शेजाऱ्याचा वैरीच ठरावा.

आता अपिलाचे पाहू. आज कोणत्याही आरोपीला शिक्षा झाली की वरच्या कोर्टात अपील असतेच, असे आपण समजतो. त्या काळी मुंबई हायकोर्टात ज्यूरीपुढे चाललेल्या फौजदारी खटल्यात तसा सरळ हक्क नव्हता. विलायतेत प्रिव्ही कौन्सिलकडे जायचे, तर हे प्रकरण तिकडे पाठवण्यास योग्य आहे असे आधी हायकोर्टानेच म्हणावे लागे. टिळकांच्या वकिलांनी तशी परवानगी मागितली. २४ सप्टेंबरला तीन न्यायाधीशांच्या पूर्ण पीठाने ती नाकारली. त्या तिघांत स्ट्रेची स्वतः होते. ज्याच्या निर्णयाविरुद्ध तक्रार, तोच तक्रार ऐकायला बसलेला. आमच्याकडे पंचायतीत असे झाले तर गावकरी उठून गेले असते.

नकार आला, पण एक वाट उरली होती. हायकोर्ट नाही म्हणाले तरी प्रिव्ही कौन्सिलकडे खास परवानगीसाठी थेट जाता येत असे. हा हक्क नव्हे, राणीच्या अधिकारातली मेहेरबानी. तिकडे टिळकांची बाजू मांडली ॲस्क्विथ यांनी, म्हणजे इंग्लंडच्या आधीच्या मंत्रिमंडळातील गृहमंत्र्यांनी. १९ नोव्हेंबरला लॉर्ड चॅन्सेलर हॉल्सबरी यांनी तो अर्जही फेटाळला. इतकेच नव्हे, तर पुढच्या वर्षी राजद्रोहाचे कलमच दुरुस्त करून अधिक कडक करण्यात आले.

कोर्टाची दारे संपली तेव्हा शिक्षा निम्मीही भोगून झाली नव्हती. प्रथम डोंगरी, मग भायखळा, मग येरवडा. काथ्याचे काम, तुरुंगातले अन्न न सोसणे, वजन झपाट्याने उतरणे हे सर्व झाले. अशा वेळी मदत आली ती अनपेक्षित ठिकाणाहून. ऑक्सफर्डचे प्राध्यापक मॅक्स म्युलर यांनी टिळकांचा वेदकालाविषयीचा 'ओरायन' हा ग्रंथ वाचला होता. त्यांनी, सर विल्यम हंटर यांनी, दादाभाई नौरोजी, रमेशचंद्र दत्त आणि इतरांनी राणीकडे दयेचा अर्ज केला. टिळक निर्दोष आहेत असे त्या अर्जाचे म्हणणे नव्हते, आणि हे लक्षात घेण्यासारखे आहे. हा मनुष्य विद्वान आहे, त्याच्याशी जरा सौम्यपणे वागावे, एवढीच विनंती होती. चूक की बरोबर हा प्रश्न अपिलात असतो. दयेच्या अर्जात तो बाजूला ठेवावा लागतो.

सरकार सूट द्यायला तयार झाले, पण अटींवर. कायद्यात तशी तरतूद होती. सरकारने शिक्षेचा उरलेला भाग अटीवर सोडावा, कैद्याने ती अट मान्य करावी आणि ती मोडल्यास उरलेली शिक्षा पुन्हा भोगायला लावावी. आजच्या २०२३ च्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही, कलम ४७३ मध्ये, ही तरतूद जवळजवळ तशीच आहे. टिळकांनी मान्य केलेल्या अटी दोन. सुटकेनिमित्त मिरवणूक, सत्कार वगैरे काही होऊ द्यायचे नाही. आणि पुढे पुन्हा राजद्रोहाचा अपराध केला, तर सोडलेले सहा महिने त्या वेळी भोगायचे. ६ सप्टेंबर १८९८ च्या रात्री त्यांना येरवड्याहून सोडण्यात आले.

या सह्यांवरून टिळकांना नावे ठेवणारे तेव्हाही होते आणि आजही भेटतात. आम्हां वाणिज्य शाखेच्या मुलांना १८७२ चा कराराचा कायदा शिकावा लागतो. त्यात मुक्त संमती नावाचे प्रकरण आहे. धाकाखाली, दडपणाखाली दिलेली संमती ही संमती नव्हे, असे तो कायदा म्हणतो. तुरुंगात वजन उतरत चाललेल्या माणसापुढे कागद ठेवला तर त्याची संमती कितपत मुक्त, हा विचार मनात येतोच. पण माझे म्हणणे त्याहून वेगळे आहे. टिळकांची बाजू घेण्यासाठी धाकाचे कारण पुढे करण्याची गरज नाही. अटी नीट वाचाव्या. पहिलीने त्यांचा हार-तुऱ्यांचा मान गेला. दुसरीने नवे काहीच गेले नाही, कारण पुन्हा राजद्रोहाचा आरोप शाबीत झाला तर तुरुंग ठरलेलाच होता, त्यात सहा महिने वाढले असते इतकेच. केसरी लिहायचा नाही, सभेत बोलायचे नाही, सरकारवर टीका करायची नाही, असले काही त्यांनी मान्य केले नाही. सहा महिने मिळाले आणि लेखणी हातात राहिली. सुटकेनंतर काही महिन्यांतच ते पुन्हा केसरीत लिहू लागले. त्या कैदेत मॅक्स म्युलर यांनी पाठवलेल्या ऋग्वेदाच्या प्रतीचे वाचन १९०३ मध्ये छापलेल्या आर्यांच्या मूळ वसतिस्थानाविषयीच्या इंग्रजी ग्रंथात उपयोगी पडले.

मध्ये आले ताईमहाराज प्रकरण. ते फार गुंतागुंतीचे आहे. सगळे सांगत बसलो तर अंकाची पाने पुरणार नाहीत. पुण्याचे सरदार बाबामहाराज १८९७ च्या ऑगस्टमध्ये, टिळक नुकतेच जामिनावर सुटले असताना, मरणशय्येवर होते. त्यांनी मृत्युपत्रात टिळकांना विश्वस्त नेमले. पुढे त्यांच्या तरुण विधवा ताईमहाराज यांच्यासाठी औरंगाबाद येथे जे दत्तकविधान झाले त्यावरून वाद पेटला आणि टिळकांवरच खोटी साक्ष दिल्याचा फौजदारी खटला झाला. ऑगस्ट १९०३ मध्ये मॅजिस्ट्रेट क्लेमंट्स यांनी अठरा महिने सक्तमजुरी आणि एक हजार रुपये दंड ठोठावला. त्याच वर्षी टिळकांचा थोरला मुलगा विश्वनाथ प्लेगने गेला होता. सेशन्स जज्ज लूकस यांच्याकडे अपील झाले. त्यांनी गुन्हा कायम ठेवला, पण शिक्षा अठरा महिन्यांवरून सहा महिन्यांवर आणली. टिळकांना हातकड्या घालून येरवड्याला नेले, जामीन होईपर्यंत काही दिवस तेथे काढावे लागले.

बारा महिने कमी झाले, हे काही थोडे नव्हे. पुष्कळांनी येथे थांबून सुटकेचा श्वास टाकला असता. पण येथे आरोप लबाडीचा होता. राजद्रोहाच्या शिक्षेने टिळकांची प्रतिष्ठा वाढत होती, खोट्या साक्षीच्या शिक्षेने ती धुळीला मिळाली असती, मग ती शिक्षा अठरा महिन्यांची असो की सहा दिवसांची. शिक्षा कमी होणे आणि दोष पुसला जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टिळक हायकोर्टात गेले आणि ४ मार्च १९०४ ला मुख्य न्यायमूर्ती जेंकिन्स आणि न्यायमूर्ती बॅटी यांनी शिक्षा रद्द करून त्यांना पूर्ण निर्दोष सोडले. दिवाणी बाजू मात्र पुढे चालतच राहिली. १९१० मध्ये, टिळक मंडालेत असताना, हायकोर्टाने ती त्यांच्याविरुद्ध दिली आणि १९१५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने त्यांच्या बाजूने. फौजदारीत ज्या प्रिव्ही कौन्सिलने दाराशीही उभे केले नाही, त्याच प्रिव्ही कौन्सिलने इस्टेटीच्या वादात त्यांना खरे ठरवले.

आता १९०८. ३० एप्रिलला मुझफ्फरपूरला बाँब पडला. केसरीने त्यावर जे अग्रलेख लिहिले त्यांपैकी १२ मे आणि ९ जूनच्या लेखांवरून खटला झाला. २४ जूनला मुंबईत, सरदारगृहात टिळकांना अटक झाली. जामिनासाठी जिना उभे राहिले. न्यायाधीशाच्या खुर्चीवर होते दिनशा दावर, अकरा वर्षांपूर्वी याच आरोपीसाठी, याच कलमाखाली, जामीन मागणारे बॅरिस्टर. त्यांनी जामीन नाकारला. आणि विलायतेत त्या वेळी पंतप्रधान कोण होते, तर १८९७ मध्ये टिळकांची बाजू मांडणारे ॲस्क्विथ. कथेत असे कोणी लिहिले तर संपादक परत पाठवतील.

ज्यूरीत सात युरोपियन आणि दोन पारशी. लेख मराठीत, आणि ते ज्यांनी तोलायचे त्यांना मराठी येत नाही. टिळकांनी वकील न देता स्वतः भाषण केले, ते एकवीस तासांहून अधिक चालले. त्यातला मोठा भाग भाषांतराविषयी होता. सरकारी भाषांतरकाराने मराठी शब्दाला कोणता इंग्रजी शब्द दिला, मूळ शब्दाचा जोर किती आणि भाषांतराचा किती, हे त्यांनी एकेक करून दाखवले. मला स्वतःला त्या खटल्यातला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. पण जे मूळ वाचूच शकत नाहीत त्यांना भाषांतरातली चूक कशी दाखवणार? २२ जुलैच्या रात्री दहाच्या सुमारास सात विरुद्ध दोन असा कौल आला. दुसऱ्या दिवशी टिळकांना बावन्न वर्षे पूर्ण व्हायची होती.

शिक्षा कशी मोजली तेही पाहण्यासारखे आहे. दोन लेख म्हणून राजद्रोहाचे दोन आरोप. प्रत्येकी तीन वर्षे काळे पाणी, आणि दोन्ही एकामागून एक भोगायची. एकत्र भोगायची म्हटली असती तर तीनच वर्षे झाली असती. वर एक हजार रुपये दंड. शिक्षा ऐकण्यापूर्वी टिळक जे बोलले ते आज मुंबई हायकोर्टाच्या त्या दालनाबाहेर दगडात कोरलेले आहे. १९५६ मध्ये मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी ती शिला बसवली. मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा वर्षांसाठी सहा दिवस काम बंद ठेवले.

पुन्हा तीच पायरी. हायकोर्टाकडे प्रिव्ही कौन्सिलला जाण्याची परवानगी मागितली, ती मिळाली नाही. सरकारने काळे पाणी बदलून साधी कैद केली, पण वर्षे सहाच ठेवली आणि सप्टेंबरमध्ये त्यांना ब्रह्मदेशात मंडालेला नेले. इकडे अमरावतीचे दादासाहेब खापर्डे आपली चालती वकिली सोडून ऑगस्टमध्येच विलायतेला निघाले होते. आज शिर्डीच्या भक्तांना खापर्डे माहीत आहेत ते त्यांच्या साईबाबांविषयीच्या दैनंदिनीमुळे. पण मित्राच्या अपिलासाठी त्यांनी विलायतेत दोन वर्षे काढली, ही गोष्ट मला अधिक मोठी वाटते. प्रिव्ही कौन्सिलने खास परवानगी नाकारली. मग भारतमंत्री मोर्ले यांच्याकडे खटपट झाली. मोर्ले मोठे उदारमतवादी विचारवंत म्हणून नावाजलेले होते आणि हा खटला भरला गेला हे त्यांना खासगीत पसंतही नव्हते. पण खासगी नापसंतीने कैद्याचा एक दिवस कमी होत नाही. १९१० मध्ये खापर्डे परत निघाले ते ब्रह्मदेशावरून, मंडालेत टिळकांना भेटून. त्या भेटीत सांगण्यासारखी चांगली बातमी त्यांच्याजवळ नव्हती.

मंडालेच्या तुरुंगात टिळकांची खोली लाकडी फळ्यांची होती, उन्हाळ्यात भट्टी आणि हिवाळ्यात बोचरी. मधुमेह जडलेला. घरची पत्रे मोजकी. त्या पत्रांतून ते अपिलाविषयी बारीकसारीक सूचना देत. एल्एल्. बी. ची पदवी येथे खरी कामास आली. जर्मन, फ्रेंच, पाली या भाषांचा अभ्यास चालला होता. १९१०-११ च्या हिवाळ्यात काही महिन्यांत पेन्सिलीने गीतारहस्य लिहून झाले.

आणि याच काळात अटींची गोष्ट पुन्हा निघाली. अटी मान्य केल्या तर सुटका होऊ शकेल, असे बाहेरच्या हितचिंतकांनी सुचवले. १८९८ मध्ये अटी मान्य केल्या होत्या, मग आता का नको? पण आताच्या अटी वेगळ्या होत्या. सार्वजनिक कामापासून दूर राहण्याची हमी त्यांत हवी होती. टिळकांनी पत्रातून जे उत्तर दिले ते मला एखाद्या हिशेबनिसाच्या टिपणासारखे वाटते. त्यांनी लिहिले ते साधारण असे, की आपले वय आता त्रेपन्न. घराण्यातले आयुर्मान आणि स्वतःची प्रकृती पाहता फार तर आणखी दहा वर्षे. शिक्षा पुरी भोगून बाहेर पडलो तर त्यांतली पाचेक वर्षे तरी मोकळेपणी लोकांच्या कामाला देता येतील. अटी पत्करल्या तर आजच मेल्यासारखे.

यात कोठेही आवेश नाही. जमेला काय, खर्चाला काय, शिल्लक किती. वस्तूची किंमत तिच्या उपयोगावरूनही ठरवता येते. टिळकांनी स्वातंत्र्याची किंमत तशी ठरवली. बोलता-लिहिता येणार नसेल तर बाहेरचे दहा वर्षांचे आयुष्यही त्यांच्या वहीत शून्य होते, आणि बोलता-लिहिता येणार असेल तर पाच वर्षेही पुष्कळ. १८९८ ची सही आणि हा नकार यांत मला विसंगती दिसत नाही. दोन्ही वेळा त्यांनी एकच प्रश्न विचारला. उत्तर वेगळे आले, कारण मागितलेली किंमत वेगळी होती.

पण या हिशेबात एक रक्कम धरलेली नव्हती. ७ जून १९१२ ला पुण्यात सत्यभामाबाई वारल्या. त्यांनाही मधुमेह होता. तार मंडालेला गेली. नवरा-बायकोची गाठ १९०८ च्या उन्हाळ्यात पडली ती शेवटचीच. अटी पत्करल्या असत्या तर कदाचित ही चार वर्षे एकत्र गेली असती. चरित्रकार या प्रसंगाला दोन-चार ओळी देतात आणि पुढे सरकतात. मलाही त्याहून जास्त लिहिता येत नाही, पण नकाराची किंमत फक्त नकार देणाराच भरतो असे नाही, एवढे लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही.

१६ जून १९१४ च्या मध्यरात्री टिळकांना पुण्यात त्यांच्या वाड्याच्या दाराशी आणून सोडले. सहा वर्षे पुरी व्हायला काही आठवडे होते. एवढीच काय ती सूट.

यापुढचा भाग आमच्या बेळगावचा. १९१६ च्या एप्रिलअखेर येथे मुंबई प्रांतिक परिषद भरली. गंगाधरराव देशपांडे यांच्यासारखे टिळकांचे जिवलग अनुयायी येथले. त्याच वेळी येथेच होमरूल लीगची स्थापना झाली. अध्यक्ष काका बॅप्टिस्टा, चिटणीस केळकर. १ मे रोजी टिळकांनी बेळगावात मराठीतून भाषण केले, महिन्याभराने अहमदनगरला दोन केली. या तीन भाषणांवरून सरकारने पुन्हा राजद्रोहाचे कलम काढले, पण या वेळी शिक्षा मागितली नाही. वर्षभर नीट वागण्याची हमी म्हणून वीस हजारांचा मुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन मागितले. नोटीस बजावली ती नेमकी २३ जुलैला. त्या दिवशी साठीनिमित्त लोकांनी त्यांना एक लाखाची थैली दिली होती. ती त्यांनी स्वतःसाठी न ठेवता राष्ट्रकार्याला दिली. ऑगस्टमध्ये मॅजिस्ट्रेटने मुचलक्याचा हुकूम कायम केला.

ही हमी म्हणजे दुसऱ्या रूपात तीच अट होती. वर्षभर गप्प बसा, नाही तर चाळीस हजार जातील. टिळकांनी ती मुकाट्याने स्वीकारली नाही. हायकोर्टात गेले. वकील पुन्हा जिना, १९०८ मध्ये ज्यांचा जामिनाचा अर्ज फेटाळला गेला तेच. न्यायमूर्ती बॅचलर आणि न्यायमूर्ती शहा यांनी भाषणांतली सुटी वाक्ये न उचलता ती सबंध वाचली. ऐकणाऱ्यांच्या मनावर एकंदरीत काय ठसा उमटेल हे पाहिले आणि हा राजद्रोह नव्हे असे ठरवले. ९ नोव्हेंबर १९१६ ला मुचलका आणि दोन्ही जामीन रद्द झाले.

१९०९ मध्ये मंडालेच्या खोलीतून टिळकांनी स्वतःच्या आयुष्याची जी दहा वर्षे धरली होती, त्याहून त्यांना एक वर्ष जास्त मिळाले. १ ऑगस्ट १९२० ला ते मुंबईत सरदारगृहातच वारले. पण तो पुढचा भाग झाला. बेळगावच्या भाषणाचा निकाल लागल्यावर ते डिसेंबरमधल्या लखनौच्या काँग्रेसला गेले, आणि तेथे कोणत्याही मुचलक्याशिवाय बोलले.